मायक्रोफोनसमोर कोण बसणार? उना मार्सन यांची कहाणी

१९४२ च्या अखेरीस लंडनला बीबीसीच्या स्टुडिओत काढलेले एक छायाचित्र इंग्रजी साहित्याच्या अनेक पुस्तकांत छापले गेले आहे. मागे उभे आहेत जॉर्ज ऑर्वेल आणि समीक्षक विल्यम एम्पसन. पुढे बसले आहेत टी. एस. एलियट. भारतासाठी प्रसारित होणाऱ्या ‘व्हॉइस’ या साहित्यविषयक कार्यक्रमासाठी ही मंडळी जमली होती. त्याच रांगेत ‘अनटचेबल’ कादंबरीचे लेखक मुल्कराज आनंद आहेत, सिलोनचे कवी तंबिमुत्तू आहेत आणि एका टोकाला आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळेही आहेत. एलियट आणि मुल्कराज यांच्या मधोमध एक कृष्णवर्णीय स्त्री बसली आहे. ती पाहुणी नाही. ती त्याच इमारतीत नोकरीला आहे, स्वतःचा कार्यक्रम स्वतः चालविते आहे. बीबीसीच्या नोकरीत शिरून कार्यक्रम करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. नाव उना मार्सन. ऑर्वेल-एलियट यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. या बाईंचे नाव मात्र त्यांच्या स्वतःच्या देशाबाहेर पन्नास वर्षे कोणी घेत नव्हते. ते का, याचा शोध घेणे आवश्यक आहे.

उना यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०५ चा. जमैका बेटावरील सेंट एलिझाबेथ परगण्यातले सांताक्रूझ हे त्यांचे गाव. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. गुलामगिरीतून पूर्ण मुक्ती मिळून, म्हणजे १८३८ नंतर, तेव्हा जेमतेम सदुसष्ट वर्षे झाली होती. कायद्याने गुलाम मोकळे झाले, पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली आणि माणसांची किंमत कातडीच्या छटेवरून ठरत राहिली. सर्वात वर गोरा, त्याखाली मिश्र रक्ताचा तपकिरी, सर्वात खाली काळा. ही नुसती दोन टोके नव्हती, उतरंड होती. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान मिळत असे. या पानाच्या वाचकांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

उनाला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती हॅम्प्टन या मुलींच्या निवासी शाळेत गेली. गोऱ्या आणि उजळ रंगाच्या मुलींची ती शाळा. तिथे तिने उत्तम इंग्रजी कमावले आणि आपण कोण आहोत हेही तिला तिथेच कळले. तिच्या लहानपणीच वडील वारले. घरची स्थिती खालावली आणि कुटुंब राजधानी किंग्स्टनला आले. शाळा संपल्यावर लघुलेखन, टंकलेखन शिकून उना कामाला लागल्या. एकविसाव्या वर्षी, १९२६ मध्ये, ‘जमैका क्रिटिक’ या मासिकात त्यांना सहायक संपादकाचे काम मिळाले आणि तिथे पत्रकारितेचे धडे मिळाले. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यांनी स्वतःचे मासिक काढले, ‘द कॉस्मोपॉलिटन’. स्वतःचे नियतकालिक काढून संपादन करणारी ती जमैकातील पहिली स्त्री. वय तेवीस. मासिकात कचेऱ्यांतल्या टंकलेखिकांचे प्रश्न असत, स्त्रियांचे हक्क असत, कामगारांची स्थिती असे. तीन वर्षे ते चालले आणि १९३१ मध्ये पैशाअभावी बंद पडले. स्वतःचे पत्र चालविणे म्हणजे काय असते, जाहिराती कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत, हेही इथे वेगळे सांगायला नको.

१९३२ मध्ये त्यांचे ‘अ‍ॅट व्हॉट अ प्राइस’ हे नाटक किंग्स्टनच्या रंगमंचावर आले. खेड्यातून शहरात आलेली एक तरुणी टंकलेखिका होते आणि तिचा गोरा वरिष्ठ तिला नादी लावतो, असा विषय. कचेरीतला हा छळ आपल्या सर्वोच्च न्यायालयाला विशाखा खटल्यात दिसला तो १९९७ मध्ये. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या या मुलीला तो कितीतरी आधी दिसला होता. नाटकातून आलेल्या पैशावर उना यांनी लंडनचे तिकीट काढले.

लंडनमध्ये त्या पेकहॅम भागात डॉ. हॅरॉल्ड मूडी यांच्या घरी राहिल्या. मूडी हेही जमैकाचेच. उत्तम गुणांनी डॉक्टर झालेल्या या माणसाला काळ्या रंगामुळे इस्पितळात जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी १९१३ मध्ये स्वतःचा दवाखाना थाटला होता. १९३१ मध्ये त्यांनी ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ ही संघटना काढली. लंडनला येणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राहायला खोली मिळत नसे. काम मिळत नसे. ते सगळे मूडींचे दार ठोठावीत.

उना यांचाही अनुभव वेगळा नव्हता. लघुलेखिका म्हणून अनुभव होता, चांगली शिफारसपत्रे होती. पण नोकरी मिळवून देणाऱ्या एका बाईने नाव नोंदवून घ्यायलाच नकार दिला, कारण काळ्या स्त्रिया कामाला लागल्या तर गोऱ्या स्त्रियांना त्यांच्याशेजारी बसावे लागेल. दुसऱ्याने प्रयत्न केला आणि हात टेकले. एकाही कचेरीला काळी लघुलेखिका नको होती. हे सारे पूर्णपणे कायदेशीर होते, हे लक्षात ठेवा. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

तेव्हा त्यांनी संघटनेचे काम अंगावर घेतले. बिनपगारी सहायक सचिव झाल्या. सभा घ्यायच्या, पाहुण्यांची व्यवस्था लावायची, पत्रे लिहायची आणि संघटनेच्या ‘द कीज’ या नियतकालिकाचे संपादनही करायचे. १९३३ मध्ये या नियतकालिकात त्यांची एक कविता आली. रस्त्याने जाताना गोरी पोरे काळ्या माणसाला जो शब्द फेकून मारीत, तो अपमानाचा शब्दच त्यांनी कवितेचे शीर्षक म्हणून वापरला. पहिल्या दोन संग्रहांत इंग्रज कवींची छाया गडद होती, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. फुले, चांदणे, विरह, सगळे उसने. या कवितेपासून मात्र उसनवारी संपली. अपमानाने दिलेली भाषा कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत.

१९३५ मध्ये इस्तंबूल येथे स्त्री-मताधिकारासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनात त्या जमैकाच्या वतीने बोलल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपियावर आक्रमण केले. आफ्रिकेत स्वतंत्र उरलेल्या दोनच देशांपैकी तो एक, म्हणून जगभरच्या काळ्या माणसांच्या जिव्हारी ही गोष्ट लागली. उना इथिओपियाच्या लंडनमधील वकिलातीत कामाला लागल्या. तिथले राजदूत होते हकीम वर्कनेह, ऊर्फ डॉ. चार्ल्स मार्टिन. त्यांचीही कथा विलक्षण आहे. १८६८ च्या स्वारीत इंग्रज सैन्याला सापडलेले हे लहान मूल भारतात आणले गेले, पंजाबात वाढले, लाहोरला डॉक्टर झाले आणि पुढे स्वतःच्या देशाचे प्रतिनिधी म्हणून लंडनला बसले. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडले. ३० जून १९३६ रोजी सम्राट हैले सेलासी जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे राहिले, तेव्हा उना त्यांच्या सचिव म्हणून सोबत होत्या. सम्राट बोलायला उठताच इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. विषारी वायूने मारलेल्या माणसांची फिर्याद होती आणि न्यायासनावर बसलेले देश खाली मान घालून कागद चाळीत होते. वादीचे म्हणणे ऐकून घेतले जाईल, निकाल मात्र मिळणार नाही, अशा न्यायालयाचा अनुभव पुष्कळांना असतो. उना या अनुभवाने आतून मोडल्या. त्याच वर्षी त्या जमैकाला परतल्या.

मायदेशीची दोन वर्षे धावपळीची गेली. ‘द मॉथ अँड द स्टार’ हा संग्रह १९३७ मध्ये आला. त्यात सिनेमाच्या पडद्यावर फक्त गोरे चेहरे पाहून आपला चेहरा नकोसा होणाऱ्या काळ्या मुलींचे दुःख आहे. १९३८ च्या आरंभी ‘पोकोमेनिया’ हे नाटक आले. गरीब काळ्या माणसांचा ढोल बडवीत चालणारा जो भक्तिपंथ सुशिक्षितांना लाजिरवाणा वाटे, तोच त्यांनी रंगमंचावर आणला. गरीब मुलांसाठी ‘सेव्ह द चिल्ड्रन’चे काम जमैकात उभे केले. याच सुमारास बेट पेटले. फ्रोम येथील साखर कारखान्यावर मजुरांनी मजुरीसाठी उठाव केला आणि मे १९३८ मध्ये पोलिसांच्या कारवाईत चार जण मारले गेले. मग किंग्स्टनचे गोदी कामगार रस्त्यावर आले. इंग्रज सरकारने आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे एक आयोग नेमला, लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखाली. उना १९३८ मध्ये पुन्हा लंडनला गेल्या आणि या आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आयोगाला जे आढळले ते इतके लज्जास्पद होते की १९४० मध्ये फक्त शिफारशी छापल्या गेल्या. संपूर्ण अहवाल युद्ध संपेपर्यंत, १९४५ पर्यंत, दाबून ठेवण्यात आला.

आणि आता रेडिओ.

लंडनमध्ये बीबीसीच्या नवजात दूरचित्रवाणीवर साम्राज्यातून आलेल्या पाहुण्यांच्या मुलाखती जमवून देण्याचे किरकोळ काम उना यांना मिळत होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, दूरचित्रवाणी बंद पडली, रेडिओ उरला. त्याच नोव्हेंबरात जमैकाला स्वतःचे पहिले नभोवाणी केंद्र मिळाले, तेही एका हौशी माणसाने दिलेल्या यंत्रसामग्रीवर. कॅरिबियन बेटांवरून तरुण विमानदलात, कारखान्यांत, जंगलतोडीच्या कामावर ब्रिटनला येऊ लागले. त्यांचा आवाज घरी पोहोचवावा, म्हणजे बेटांची राजनिष्ठा टिकेल, असा सरकारचा हिशेब. पण ही संस्था होती कशी? १९४० मध्ये बीबीसीच्या एका निवेदकाने कार्यक्रमात तोच शब्द उच्चारला, जो उना यांच्या कवितेचे शीर्षक होता. डॉ. मूडींनी पत्र लिहून जाब विचारला, तेव्हा बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढच्याच वर्षी, मार्च १९४१ मध्ये, उना मार्सन त्याच बीबीसीच्या साम्राज्य सेवेत पूर्णवेळ कार्यक्रम सहायक म्हणून रुजू झाल्या.

‘कॉलिंग द वेस्ट इंडीज’ हा त्यांचा कार्यक्रम. प्रथम त्याचे स्वरूप साधे होते. सैनिकाला मायक्रोफोनसमोर बसवायचे, नाव-गाव विचारायचे, आईला, बायकोला निरोप सांगायला लावायचा. हे ऐकायला सोपे वाटते. पण पहिल्यांदा मायक्रोफोन पाहणाऱ्या मळेमजुराच्या पोराची जीभ टाळ्याला चिकटते. त्याला धीर देऊन त्याच्याच बोलीच्या लयीत बोलते करणे हे कसब आहे आणि ते उना यांच्याकडे होते. हळूहळू त्यांनी कार्यक्रम रुंद केला. परिचारिका आल्या, दारूगोळ्याच्या कारखान्यातले कारागीर आले, विद्यार्थी आले, गाणी आली, घडामोडींवर बोलणे आले. युद्धात काळा माणूस काय करतो आहे, हे काळ्या स्त्रीच्या तोंडून साम्राज्याच्या लहरींवरून जाऊ लागले. १९४३ मध्ये ‘हॅलो! वेस्ट इंडीज’ या सरकारी चित्रपटातही त्या दिसल्या.

इथे एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. उना मार्सन साम्राज्याच्या प्रचारासाठी पगार घेत होत्या, हा आक्षेप खरा आहे. ज्या महिन्यात त्या नोकरीवर रुजू झाल्या, त्या महिन्यात जमैकाचे कामगार नेते बुस्तामांते संरक्षण नियमांखाली, खटला न चालविता, स्थानबद्ध होते. सप्टेंबर १९४० पासून फेब्रुवारी १९४२ पर्यंत ते आत होते. लंडनहून स्वातंत्र्यासाठी लढा म्हणायचे आणि किंग्स्टनला मजुरांच्या पुढाऱ्याला डांबायचे, असा तो दुटप्पी व्यवहार. युद्धकाळात कार्यक्रमाचे लेखन आधी तपासले जाई, आणि लंडनमध्ये काळ्या माणसाला खोली मिळत नाही ही गोष्ट त्यात खुलेपणाने सांगण्याची सोय नव्हती. तरीही मी त्यांना दोष देणार नाही. सत्तेच्या घरात एखादी खुर्ची मिळाली, तर त्या खुर्चीचा उपयोग कोणासाठी केला, एवढेच तपासायचे. नुसते तिथे बसले, म्हणून टाळ्याही नकोत आणि शिव्याही नकोत.

त्यांनी उपयोग कोणासाठी केला, याचे उत्तर १९४३ मध्ये मिळाले. ऑर्वेलच्या ‘व्हॉइस’ कार्यक्रमात त्यांनी कविता वाचली होती. तीच कल्पना घेऊन त्यांनी आपल्या कार्यक्रमात ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हे साहित्याचे सदर सुरू केले. याचे महत्त्व समजण्यासाठी नकाशा पाहावा. जमैका आणि त्रिनिदाद यांमध्ये हजार मैलांहून अधिक समुद्र. बेटांवर पुस्तके छापणारे प्रकाशक जवळजवळ नाहीत. शाळेत इंग्लंडच्या फुलांवरच्या कविता पाठ करायच्या. बार्बाडोसच्या कवीला जमैकाचा कवी ठाऊक नाही. आता एका बेटावरचा मनुष्य लिहितो, कागद लंडनला जातो, तिथून तो शब्द सगळ्या बेटांवर एकाच वेळी ऐकू येतो आणि शिवाय लेखकाला मानधन मिळते. हा सगळा भूभाग आपला आहे, ही जाणीव त्यातून बळावली. १९५८ पर्यंत हे सदर चालले. जॉर्ज लॅमिंग, सॅम सेल्व्हन, डेरेक वॉल्कॉट यांचे सुरुवातीचे लेखन तिथे वाचले गेले. भारतीय वंशाचे व्ही. एस. नायपॉल १९५४ ते १९५६ या काळात त्याचे संपादन करीत होते. वॉल्कॉट यांना १९९२ मध्ये आणि नायपॉल यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. या साऱ्याचे श्रेय दीर्घकाळ हेन्री स्वान्झी या आयरिश निर्मात्याला दिले गेले. स्वान्झी मोठ्या मनाचे, कष्टाळू संपादक होते, त्यांचा अधिकार कोणी नाकारू नये. पण ते आले १९४६ मध्ये. सदर तीन वर्षे आधीच सुरू होते. कोणत्याही दिवाणी न्यायालयात तारखांवरून मालकी ठरते. इतिहासाच्या न्यायालयात मात्र साक्षीदार कोण आहे यावर ठरते.

कचेरीतले वातावरण सुखाचे नव्हते. काळ्या स्त्रीच्या सूचना ऐकणे काही गोऱ्या सहकाऱ्यांना जड जाई, आणि तक्रारी होत. स्वतःच्याच बेटांवरून आलेल्या काही पुरुषांनीही त्यांच्याविरुद्ध नाके मुरडली, हेही नमूद करायला हवे. बाहेर रस्त्यावर काय चालले होते, ते क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्या प्रकरणावरून दिसते. हे कॉन्स्टंटाइन उना यांच्या चित्रपटात होते, कामगार मंत्रालयात कल्याण अधिकारी होते, सारे इंग्लंड त्यांना ओळखत होते. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी ते कुटुंबासह लंडनच्या इंपिरियल हॉटेलात उतरले. गोऱ्या अमेरिकन सैनिकांना चालणार नाही, म्हणून एका रात्रीवर राहता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी खटला भरला आणि १९४४ मध्ये न्या. बर्केट यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. नुकसानभरपाई पाच गिनी. निकालाचा आधार काय होता? वंशभेद बेकायदा आहे हा नव्हे, कारण तसा कायदाच नव्हता. आलेल्या प्रवाशाला जागा द्यावी या धर्मशाळेच्या मालकावरील जुन्या कर्तव्याचा तो आधार होता.

सततच्या कामाने आणि एकटेपणाने उना यांची प्रकृती ढासळली. १९४५ मध्ये ‘टुवर्ड्स द स्टार्स’ हा अखेरचा संग्रह आला. त्या बेटांच्या दौऱ्यावर गेल्या आणि १९४६ मध्ये बीबीसी सोडली. मानसिक आजाराने त्यांना इस्पितळात राहावे लागले. पुढे जमैकात पुस्तक प्रकाशनाचे काम, मग अमेरिकेत काही वर्षे, पुन्हा जमैका, पुन्हा गरीब मुलांची संस्था. ६ मे १९६५ रोजी किंग्स्टनला हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. वय साठ.

त्यांचे चरित्र लिहिले गेले ते १९९८ मध्ये, डिलिया जॅरेट-मकॉली यांच्याकडून. एका कृष्णवर्णीय स्त्रीनेच जुने कागद उपसले तेव्हा हे नाव वर आले. २०२२ मध्ये बीबीसीने त्यांच्यावर माहितीपट दाखविला. ज्या साउथवर्कमध्ये पेकहॅम येते, तिथे अलीकडे एका सार्वजनिक ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले गेले आहे.

कायद्याचे राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा झाला. त्याने हॉटेल, उपाहारगृहे, नाट्यगृहे अशा सार्वजनिक जागांतला भेदभाव बेकायदा ठरविला. नोकरी आणि घर त्यातून वगळले होते. उना यांचे नाव नोंदवून घ्यायला नकार देणारी ती बाई १९६५ मध्येही कायद्याच्या कचाट्यात सापडली नसती. ती तरतूद आली १९६८ मध्ये.